नववी ‘ब’चं अथेन्स

‘तुम्ही तिकडे दुबईत काय शिकवता?’ असं पुण्यात कुणी विचारलं की मी ‘इतिहास’ म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुणाचा?’

प्रश्न चुकीचा नाही. आमच्या शाळेत अभ्यासक्रम ब्रिटिश. मुलांचे आईबाप भारत, पाकिस्तान, श्रीलंका, इजिप्त, फिलिपिन्स असे कुठकुठले, आणि मुलं बहुतेक इथेच जन्मलेली. शिकवणारी मी भोरची. अशा वर्गात कुणा एकाचा इतिहास सुरू केला की बाकीचे खिडकीबाहेर बघायला लागतात. नववीला सहा आठवडे प्राचीन ग्रीस असायचं, तेव्हा मात्र कुणी बाहेर बघायचं नाही. ते सगळ्यांना सारखंच परकं होतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त आवडलेले आठवडे ते.

शाळा सोडून ज्यांना बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडं सांगते. ग्रीस नावाचा एक देश तेव्हा नव्हता. डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये शेकडो लहानमोठी शहरं होती, आणि प्रत्येक शहर म्हणजे स्वतंत्र राज्य. प्रत्येकानं आपापल्या परीनं कारभाराची तऱ्हा शोधलेली. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे. त्यांच्या जोडीला साठी उलटलेल्या अठ्ठावीस म्हाताऱ्यांचं मंडळ, आणि राजालाही जाब विचारू शकणारे पाच निरीक्षक. या म्हाताऱ्यांची निवड आरडाओरडा करून व्हायची. उमेदवार लोकांपुढून चालत जायचा, पंच शेजारच्या बंद खोलीत बसायचे, आणि ज्याच्या वेळी सगळ्यात मोठा गलका ऐकू आला तो निवडून आला. हा तास मी मुद्दाम मधल्या सुट्टीच्या आधी घ्यायचे. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी माझी दोनदा तक्रार केली आहे.

कुठे मूठभर श्रीमंतांचं राज्य, कुठे सत्ता बळकावून बसलेला एकटा हुकूमशहा. आणि अथेन्समध्ये टेकडीवर भरणारी सभा. तिथे कुठलाही नागरिक उठून बोलू शकायचा. बहुतेक सरकारी कामं चिठ्ठ्या टाकून वाटली जायची. ‘चिठ्ठ्या टाकून?’ मुलं विचारायची. आजूबाजूला सीव्ही आणि इंटरव्ह्यू एवढंच बघितलेली मुलं ती. त्यांना हे विलक्षण वाटायचं.

मग पुढचा तास. या सभेत बसणारा नागरिक म्हणजे कोण? तर प्रौढ पुरुष, आणि आई व वडील दोघंही अथेन्सचेच असलेला. बायका नाहीत, गुलाम नाहीत, आणि मेटिकही नाहीत. मेटिक म्हणजे परका रहिवासी. तो अथेन्समध्ये राहायचा, धंदा करायचा, कर भरायचा, युद्ध झालं तर लढायला जायचा. पण त्याला जमीन घेता यायची नाही, सभेत बोलता यायचं नाही, आणि नाव नोंदवायला एक अथेन्सकर पाठीशी लागायचा.

एवढं सांगून झालं की मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहायचे, कारण मला माहीत असायचं की आता मागून आवाज येणार.

‘मॅम, लाइक अ स्पॉन्सर?’

इथे प्रत्येक परक्याच्या व्हिसामागे कुणीतरी स्पॉन्सर, म्हणजे जामीन, लागतोच. दर वर्षी हा प्रश्न यायचा, न चुकता. मी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही. ‘पुढे वाचू या’ म्हणायचे. एका वर्षी तर वर्गाच्या तपासणीला आलेल्या इमिराती बाई मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या असतानाच हा प्रश्न आला. तास संपल्यावर बाई जवळ आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘त्या मुलाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत.’

‘मला येत नाही,’ मी खरं ते सांगितलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, ‘माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्याकडे कसलाच कागद नव्हता. तिला फक्त विचारायचे, कुणाची मुलगी? त्या एका उत्तरावर सगळं ठरायचं. तुमच्या अथेन्समध्येही असंच होतं ना?’

‘असंच होतं,’ मी म्हटलं. शेऱ्यात त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं.

माझं स्वतःचं सांगायचं तर लग्नाआधी भोरला मी एकदा मतदान केलं आहे. नंतर नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आले. मध्यंतरी कधीतरी यादीतून नाव उडालं. दर निवडणुकीला बहिणी-भाच्या शाई लावलेल्या बोटांचे फोटो ग्रुपवर टाकतात आणि मी त्यांना अंगठा पाठवते. नागरिक म्हणजे काय हे मी शेकडो मुलांना शिकवलं.

आता रेवा कदमबद्दल सांगते. खरं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

नववीच्या या सहा आठवड्यांत मी वर्गाचंच अथेन्स करायचे. पहिल्या दिवशी डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या. कुणी नागरिक, कुणी गुलाम, कुणी मेटिक, आणि ती भूमिका शेवटपर्यंत निभावायची. मुलींनाही नागरिकाची चिठ्ठी येऊ शकायची, एवढी सूट मी घेतली होती. सभा भरली की नागरिकांनीच बोलायचं. रेवाला मेटिकची चिठ्ठी आली. सबंध वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी मुलगी, आणि तिचंच तोंड बंद!

तिनं त्यावर उपाय काढला. झैद नावाचा एक अबोल मुलगा नागरिक झाला होता. रेवानं त्याला आपला जामीन केलं. ती भाषण लिहायची आणि तो उभा राहून अडखळत वाचायचा. तो अडला की ती मागून कुजबुजायची. दोन आठवड्यांत नववी ‘ब’ची सभा झैद जिंकायला लागला, आणि हे सगळं कुणाचं डोकं आहे ते वर्गाला पक्कं ठाऊक होतं.

रेवाचे वडील, दिलीप कदम, रुवैसच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. रुवैस म्हणजे अबू धाबीच्याही पलीकडे, इथून गाडीनं साडेतीन तास. आठवडाभर ते तिकडच्या कॅम्पमध्ये राहायचे. रेवा आणि तिची आई इथे अल कुसैसमध्ये, कारण रेवाची शाळा. तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची असायची. गुरुवारी शेवटच्या तासाला रेवाचं लक्ष घड्याळाकडे असायचं. ‘बाबा लेफ्ट अ‍ॅट टू,’ ती मैत्रिणींना सांगायची.

पाचव्या आठवड्यात हद्दपारीचा तास यायचा. एखादा माणूस फार वरचढ होतोय असं वाटलं की अथेन्सचे लोक मतदान करून त्याला शहराबाहेर काढायचे. कागद महाग, म्हणून फुटक्या मडक्याच्या खापरीवर नाव कोरायचे. मी मातीच्या कुंड्या आणून घरी हातोडीनं फोडायचे आणि चिठ्ठी कुठलीही असो, प्रत्येकाला एकेक खापरी द्यायचे. त्या वर्षी गोळा केलेल्या खापऱ्या मी एकेक करून वाचायला लागले. रेवा. रेवा. झैद. रेवा. पंचविसातल्या सतरा खापऱ्यांवर रेवाचं नाव होतं. मुलं बाकं बडवत होती. त्यात वाईट भावना अजिबात नव्हती. सगळ्या वादात जिंकणाऱ्या मुलीला त्यांनी दिलेली ती शाबासकी होती.

आणि मला त्या हशात भर घालायचा मोह झाला. मी हात वर करून म्हटलं, ‘रद्द! ही मतं रद्द! रेवा मेटिक आहे. मेटिकला घालवायला मतदान कशाला हवं? त्याला नुसतं जा म्हटलं की झालं!’

वर्ग खो-खो हसला. रेवाही हसली. पण ते हसू तिच्या चेहऱ्यावर नको इतकं टिकलं, आणि मग तिनं वही उघडून मान खाली घातली. घंटा झाली. मी खुशीत स्टाफरूममध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी ऑफिसकडून मेल आला की रेवा कदमचा शाळा सोडल्याचा दाखला करायचा आहे, शेरे पाठवा. मी ऑफिसात धावले. तिथल्या क्लार्कनं थंडपणे सांगितलं, ‘फादरचा जॉब गेला, मॅम. व्हिसा कॅन्सल. देश सोडायला तीस दिवस असतात, त्यातले गेले काही.’

त्या खापरीच्या तासाच्या आदल्या दिवशीच तिच्या वडिलांना पत्र मिळालं होतं.

शनिवारी सकाळी मी पत्ता शोधत अल कुसैसला गेले. चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार कदमांनीच उघडलं. उंच, सावळे, दाढी वाढलेली. मागे खोलीभर खोकी.

‘या मॅडम, या. बसायला जागा करतो. सोफा काल गेला.’

रेवाच्या आईनं चहा टाकला. कदम खोक्यावर बसून बोलायला लागले. ‘एकोणीस वर्षं झाली मॅडम. त्यातली सोळा या घरात. कंपनी म्हणाली, रीस्ट्रक्चरिंग. एका मीटिंगमध्ये खलास. माझा अरबी मॅनेजर चांगला माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, हबीबी, माझ्या हातात नाही. मी त्याचीच समजूत काढून आलो.’

मी म्हटलं, ‘मी रेवाची माफी मागायला आलेय.’

त्यांना काही कळलं नाही. तिनं घरी सांगितलंच नव्हतं.

रेवा आतून आली. ‘इट्स फाइन, मॅम. यू वेअर हिस्टॉरिकली करेक्ट.’

‘नव्हते,’ मी म्हटलं. ‘तेच सांगायला आलेय. मी चुकीचं शिकवलं. मेटिकला कोर्टात दाद मागता यायची, त्याच्यासाठी वेगळा न्यायाधीश असायचा. नुसतं जा म्हणून भागत नव्हतं. मुलं हसावीत म्हणून मी ते बोलून गेले.’

ती माझ्या शेजारच्या खोक्यावर बसली. पुढचं ती इंग्रजीतच बोलली.

‘आणि ज्यांना मतं देऊन घालवायचे त्यांचं काय व्हायचं?’

‘दहा वर्षं बाहेर राहायचं. पण घर, जमीन, हक्क, सगळं शाबूत. दहा वर्षांनी परत यायचं आणि होता तसाच नागरिक.’

‘म्हणजे त्याच्याकडे परत येण्यासारखं काहीतरी असायचं. आणि मेटिक गेला तर?’

‘त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, रेवा. मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की जे तिथेच वारले, त्यांच्या दगडावर त्यांचं मूळ गाव कोरायचे. आयुष्य अथेन्समध्ये काढलेलं असलं तरी.’

‘मग माझ्या दगडावर काय येईल?’

‘शिराळा,’ तिचे वडील पटकन म्हणाले. आपल्याला उत्तर येणारा प्रश्न कुणीतरी अखेर विचारला, असा त्यांचा स्वर होता.

‘बाबा, आय हॅव बीन टु शिराळा फोर टाइम्स,’ रेवा म्हणाली. आई कपात चहा ओतत होती. तिचा हात थांबला. खोक्याच्या चिकटपट्टीचं निघालेलं टोक कदम अंगठ्यानं दाबून बसवत राहिले.

निघताना मी रेवाला म्हटलं, ‘गुरुवारी शेवटची सभा आहे. ये.’

घरी येताना माझ्या मनात एक बेत तयार झाला. अथेन्सची सभा क्वचित मतदान करून एखाद्या मेटिकला नागरिकत्व द्यायची. आपणही वर्गात तसा ठराव आणू. पंचवीस मुलं हात वर करतील, टाळ्या होतील, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल. रेवा बुधवारी पुस्तकं परत करायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं.

‘प्लीज डोंट, मॅम,’ ती म्हणाली. मग मोडक्या मराठीत, बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून, ‘ते खोटं-खोटं होईल ना. मला मग रडायला येईल.’

चौदा वर्षांच्या मुलीला जे कळलं ते मला कळलं नव्हतं.

गुरुवारच्या सभेपुढे प्रश्न होता तो असा. शहराच्या खाणीत चांदी सापडली आहे. ती नागरिकांमध्ये वाटून टाकायची की लढाऊ जहाजं बांधायची? झैद उभा राहिला. त्याच्या हातात रेवानं लिहून दिलेला कागद होता. त्यानं तो बघितला, घडी केली आणि मागे वळून तिच्यापुढे धरला.

‘यू रीड इट.’

‘आय कान्ट. आय अ‍ॅम अ मेटिक.’

झैद माझ्याकडे बघायला लागला. सगळा वर्गच बघायला लागला. मी म्हटलं, ‘यल्ला, वेळ जातोय. वाच.’

ती उभी राहिली. कागद तिनं उघडलाच नाही. ती जे बोलली ते माझ्या आठवणीप्रमाणे मराठीत देते. ‘चांदी वाटलीत तर मला काहीच मिळणार नाही, म्हणून मी जहाजं मागतेय असं तुम्हाला वाटेल. पण जहाजं बांधलीत तर त्यांना वल्हवणारी माणसं लागतील. तेवढे नागरिक तुमच्याकडे नाहीत. वल्ह्यावर मी असेन. शत्रू आला तर तो तुमची घरं आणि माझं भाड्याचं घर वेगवेगळं जाळणार नाही. माझी इथे जमीन नाही. पण मी रोज सकाळी याच बंदरावर उठते. मला दुसरं बंदर माहीत नाही. जहाजं बांधा.’

ती खाली बसली. निरोपाचं एक अक्षरही बोलली नाही. जहाजांच्या बाजूनं सगळे हात वर गेले. मी मोजले नाहीत, कारण मला फळ्याकडे तोंड करावं लागलं. या वेळी पुसण्यासारखं फळ्यावर काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी कदम कुटुंब गेलं.

रेवाचे मेल यायचे. सुरुवातीला रोज, मग महिन्यानं. शिराळ्याच्या शाळेत तिला ‘दुबईवाली’ म्हणायचे. मराठीचा पेपर तिनं तीन वेळा रडून सोडवला. सांगलीला कॉलेज झालं, मग पुण्याला डिग्री. एका मेलमध्ये तिनं एवढंच लिहिलं होतं, ‘मॅम, इकडे संध्याकाळी मला अजूनही कुसैसचा वास आठवतो. खालच्या बेकरीतल्या खुबूसचा.’ मी त्या संध्याकाळी मुद्दाम त्या बेकरीवरून गेले आणि खुबूसच्या दोन रोट्या घेऊन आले. का, ते सांगता येणार नाही.

मग नऊ वर्षांनी एक दिवस फोन आला. नंबर इथलाच.

‘मॅम, मी आलेय. माझ्या स्वतःच्या व्हिसावर.’ मराठी आता स्वच्छ होतं, थोडं सांगलीच्या वळणाचं. जहाजांतून माल पाठवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. राहायला अजमानला, दोन मुलींबरोबर. रोज दीड तास ट्रॅफिकमधून दुबईला. ‘एअरपोर्टवर ऑफिसरनं पासपोर्ट बघितला, बर्थ प्लेस दुबई. विचारलं, फर्स्ट टाइम इन नाइन इयर्स? मी हो म्हटलं आणि वेड्यासारखी रडायला लागले. बिचारा घाबरला.’

या जानेवारीत तिनं वडिलांना महिनाभरासाठी बोलावलं. आईनं यायला नकार दिला. ‘मी एकदा निरोप घेतलाय, दुसऱ्यांदा घेणार नाही,’ म्हणाली. सकाळच्या विमानाला त्यांना घ्यायला जाताना रेवानं मलाही बरोबर नेलं. माझी निवृत्ती ठरली होती. नवऱ्याची नोकरी आधीच संपलेली, त्यामुळे आमचंही सामान बांधणं सुरू होतं.

कदम बाहेर आले. केस पांढरे, खांदे थोडे वाकलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. आल्या आल्या त्यांनी खिशातून व्हिसाचा कागद काढला आणि मला दाखवला. ‘वाचा मॅडम. स्पॉन्सरच्या जागी कुणाचं नाव आहे ते वाचा.’ मी मोठ्यानं वाचलं, ‘रेवा दिलीप कदम.’ त्यांनी कागद परत घडी करून खिशात ठेवला आणि वरून दोनदा हात फिरवला.

रेवानं महिनाभराचा कार्यक्रम आखला होता. नवे टॉवर, नवं म्युझियम, समुद्रकाठ. कदम म्हणाले, ‘ते सगळं बघू, इन्शाल्ला. आधी कुसैस.’

आम्ही कुसैसला गेलो. इमारत तीच, रंग नवा. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत कुणाचे तरी लहान मुलांचे कपडे वाळत होते. कदम फुटपाथवर उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले. रेवा त्यांच्या दंडाला धरून होती.

वॉचमन बाहेर आला. म्हातारा पठाण. ‘किससे मिलना है, साब?’

‘किसी से नहीं,’ कदम म्हणाले. ‘इधर रहता था मैं. तीसरा माला.’

‘कितना टाइम?’

‘सोला साल.’

वॉचमनला काहीच नवल वाटलं नाही. ‘आते हैं साब,’ तो म्हणाला. ‘हर हफ्ते कोई न कोई आता है. नीचे खड़ा होके ऊपर देखता है, फिर चला जाता है.’ तो आत गेला आणि प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन आला. सावलीत ठेवली, फडक्यानं पुसली. कदम बसले. रेवा त्यांच्या मागे उभी राहिली.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘आप भी इधर रहते थे?’

‘अभी रहती हूँ,’ मी म्हटलं. ‘दुबई में. अगले महीने तक.’

तो परत आत गेला आणि आणखी एक खुर्ची घेऊन आला.